विज्ञानजत्रेचे मोजमाप : विद्यापीठातील मोफत कौटुंबिक उपक्रमाची एक चिकित्सा

१

विद्यापीठाने वर्षातून एक दिवस आपली दारे उघडावीत, प्रयोगशाळेतील उपकरणे अंगणात आणून मांडावीत, आईबापांनी मुलाबाळांसह तेथे यावे, पाहावे, हाताळावे, विचारावे, आणि याबद्दल कोणाकडूनही पैसा घेतला जाऊ नये, ही कल्पना इतकी निर्दोष आहे की तिची चिकित्सा करणेच काहीसे अप्रशस्त वाटावे. चांगल्या हेतूने केलेल्या कार्याचे गुणवर्णन होते; त्याची परीक्षा क्वचितच होते. परंतु विज्ञानाच्या नावाने भरणाऱ्या जत्रेला ही सवलत घेता येणार नाही. जी संस्था विद्यार्थ्यांना प्रत्येक विधानासाठी पुरावा मागावयास शिकविते, तिच्याकडे तिच्याच उपक्रमाचा पुरावा मागितला असता तिने उपस्थितांच्या आकड्याकडे आणि हसऱ्या मुलांच्या छायाचित्रांकडे बोट दाखवावे, ही विसंगती उघड आहे.

अशा उपक्रमाच्या नावातच चार वचने दिलेली असतात. 'मोफत' म्हणजे प्रवेश खिशावर अवलंबून राहणार नाही. 'कौटुंबिक' म्हणजे येणारा घटक एकटा विद्यार्थी नसून घर आहे. 'विज्ञान' म्हणजे केवळ नवल नव्हे, नवलाच्या पाठीमागील कार्यकारणभाव. आणि 'विद्यापीठ' म्हणजे ज्ञान तयार करणारी माणसे स्वतः तेथे उभी असतील. मूल्यमापन म्हणजे ही चार वचने पाळली गेली की नाहीत याची तपासणी होय. प्रत्यक्षात जे मूल्यमापन केले जाते त्यात यांपैकी एकाचीही तपासणी होत नाही. किती आले आणि आलेल्यांना आवडले काय, एवढेच पाहिले जाते. हा दोष केवळ अहवालापुरता असता तर तो दुर्लक्षणीय ठरला असता. परंतु ज्याचे मोजमाप होते त्याचीच पुढील वर्षी वाढ होते, हा संस्थांचा स्वभाव आहे. चुकीच्या मोजमापाने जत्राच हळूहळू वाकडी होत जाते, आणि शेवटी ती ज्यांच्यासाठी मोफत ठेवली त्यांना सोडून इतरांचीच होऊन बसते.

२

या प्रकारच्या उपक्रमांपैकी ज्याचा अभ्यास बऱ्यापैकी झाला आहे असे एक उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाचा विज्ञानोत्सव. त्याची पार्श्वभूमी ध्यानात घेणे अवश्य आहे. १९८५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने लोकांच्या विज्ञानविषयक समजेसंबंधी एक अहवाल प्रसिद्ध केला. वॉल्टर बॉडमर हे समितीचे अध्यक्ष असल्यामुळे तो बॉडमर-अहवाल म्हणून ओळखला जातो. सामान्य लोकांशी बोलणे हे शास्त्रज्ञांचे कर्तव्यच आहे, असे या अहवालाने बजावले. त्यानंतर १९८९ मध्ये एडिंबरो येथे नगरव्यापी विज्ञानोत्सव सुरू झाला, आणि १९९४ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने आपला उत्सव आरंभिला. मार्च महिन्यात भरणाऱ्या या उत्सवातील बहुतेक कार्यक्रम विनामूल्य असत. शनिवारी गावाच्या मध्यभागातील विभाग कुटुंबांसाठी खुले होत आणि संशोधक विद्यार्थी टेबलांपाशी उभे राहून लहानमोठ्यांना प्रयोग करावयास लावीत. २०२१ मध्ये हा उत्सव मानव्यविद्यांच्या उत्सवाशी जोडण्यात आला व 'केंब्रिज फेस्टिव्हल' असे त्याचे नवे रूप झाले.

बॉडमर-अहवालाच्या मुळाशी एक गृहीत होते : लोकांना विज्ञान कमी समजते, ते अधिक समजले की त्यांची विज्ञानाविषयीची आस्था वाढेल. पुढे हे गृहीत 'उणिवेचे प्रतिमान' म्हणून टीकेचा विषय झाले. लोक हे रिकामे भांडे आणि विद्यापीठ ही भरलेली घागर, असा त्यातील भाव अनेकांना खटकला. २००० मध्ये ब्रिटिश उमराव सभेच्या विज्ञानविषयक समितीने 'विज्ञान आणि समाज' या आपल्या अहवालात एकतर्फी सांगण्याऐवजी संवादावर भर दिला. तेव्हापासून विद्यापीठांच्या पत्रकांतील भाषा बदलली. 'प्रबोधन' मागे पडून 'सहभाग' पुढे आला. मूल्यमापनाची साधने मात्र फारशी बदलली नाहीत. संवाद झाला की नाही हे पाहावयाचे तर कोण बोलले आणि कोण गप्प राहिले हे पाहावे लागते. त्याऐवजी बाहेर पडताना एक छापील कागद हातात दिला जातो आणि त्यावरील हसऱ्या किंवा रुसलेल्या चेहऱ्यावर खूण करण्यास सांगितले जाते.

३

आयोजनाचा विचार करता जत्रेचा मूळ घटक एक टेबल हा होय. टेबलावर एखादी वस्तू, पलीकडे एक विद्यार्थी, अलीकडे तीनचार माणसांचे कुटुंब, आणि त्यांच्यामध्ये पाचसहा मिनिटांचे बोलणे, एवढी ही घटना असते. बाकीचा मंडप, फलक, ध्वनिक्षेपक, पाहुण्यांचे भाषण हे सारे या पाच मिनिटांसाठी आहे. म्हणून संख्येचा हिशेब येथूनच मांडावा लागतो.

समजा, चाळीस टेबले मांडली आहेत, जत्रा पाच तास चालते आणि एका कुटुंबाला एका टेबलाशी सहा मिनिटे मिळतात. एका टेबलाशी तासाला दहा कुटुंबे, म्हणजे दिवसभरात पन्नास, आणि चाळीस टेबलांवर मिळून दोन हजार भेटी होतात. एका कुटुंबाने दहा टेबलांशी तरी थांबावे अशी अपेक्षा असेल तर ही जत्रा दोनशे कुटुंबांची, म्हणजे सुमारे आठशे माणसांची आहे. त्याच आवारात चार हजार माणसे आली तर प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला खऱ्या अर्थाने दोनच टेबले येतात. उरलेला वेळ रांगेत, गर्दीत आणि हरवलेले मूल शोधण्यात जातो. अहवालात मात्र आठशेंची जत्रा लहान व चार हजारांची जत्रा यशस्वी ठरते. उपस्थिती आणि संवाद ही दोन उद्दिष्टे एका मर्यादेनंतर परस्परविरोधी होतात, हे या साध्या गुणाकारावरून स्पष्ट होते.

गर्दीच्या अडचणीवर संयोजकांना एक सोपा तोडगा सापडतो. तो म्हणजे तमाशा. व्हॅन द ग्राफ जनित्राला हात लावताच केस उभे राहतात. द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडविलेले फूल हातात चुरडले जाते. तीनशे माणसे एकाच वेळी 'आहा' म्हणतात. अशा प्रयोगांना नाक मुरडण्याचे कारण नाही. मायकेल फॅरडे हा लोकांसमोर प्रयोग करून दाखविण्यात निष्णात होता, आणि रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून सुरू झालेल्या नाताळच्या व्याख्यानांची परंपरा अशा प्रयोगांवरच उभी आहे. परंतु फॅरडेची जी व्याख्याने सर्वांत दीर्घायुषी ठरली ती मेणबत्तीवरची होती, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. १८६१ मध्ये ती ग्रंथरूपाने आली. मेणबत्ती ही श्रोत्याच्या घरात असलेली वस्तू होती. व्याख्यानगृहात जे पाहिले ते त्याच रात्री घरी पुन्हा करून पाहता येत होते. द्रवरूप नायट्रोजन कोणाच्या घरी नसतो. ज्या नवलाची पुनरावृत्ती पाहणाऱ्याला कधीच करता येणार नाही, ते त्याच्या दृष्टीने जादूच्या प्रयोगाहून वेगळे राहत नाही. किंबहुना विज्ञान ही विशेष अधिकारी माणसांची विद्या आहे, हाच धडा त्यातून नकळत मिळतो.

भारतात याच्या उलट दिशेचा एक अनुभव उपलब्ध आहे. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने खेड्यातील शाळांत स्वस्त साहित्याने प्रयोग करण्याची पद्धत रुजविली. त्या कार्यक्रमाच्या सहवासात अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडून भौमितिक आकृत्या करण्याचा खेळ तयार केला. त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, चौकोन मात्र लगेच कलतो, आणि कर्ण घातला की तोही ताठ उभा राहतो. छपराच्या कैचीत आणि पुलाच्या बांधणीत त्रिकोण का असतात याचे उत्तर चारदोन मिनिटांत मुलाच्या बोटांना कळते, आणि वस्तू खिशात घालून घरी नेता येते. अशा टेबलाभोवती तीनशे माणसे जमत नाहीत. म्हणूनच डोकी मोजून गुण देणाऱ्या मूल्यमापनात ते टेबल मागे पडते व पुढील वर्षी गाळले जाते.

४

आता बाहेर पडताना भरून घेतल्या जाणाऱ्या प्रश्नावलीकडे वळावे. तिचा पहिला दोष नमुन्याचा आहे. चार हजारांतील दोनशे माणसे कागद भरतात आणि त्यांतील एकशे नव्वद समाधान दर्शवितात. अहवालात 'पंचाण्णव टक्के समाधानी' असे छापले जाते. हे दोनशे कोण? ज्यांना थांबावयास सवड आहे, ज्यांना छापील कागदाची भीती वाटत नाही, ज्यांच्या कडेवर झोपलेले मूल नाही, आणि ज्यांना कार्यक्रम आवडला आहे. ज्यांना अर्ध्या तासात कंटाळा आला ते कागद वाटणारा स्वयंसेवक दारात येऊन उभा राहण्यापूर्वीच निघून गेलेले असतात. दुसरा दोष सौजन्याचा आहे. फुकट मिळालेल्या पाहुणचाराबद्दल यजमानाने विचारले असता पाहुणा 'छान झाले' असेच म्हणतो. तिसरा दोष काळाचा आहे. अनुभव संपून पाच मिनिटे झालेली नसताना त्याचा परिणाम विचारणे म्हणजे पेरणीच्या संध्याकाळी पिकाची आणेवारी काढणे होय.

या दोषांची जाणीव असलेले अभ्यासही झाले आहेत. एरिक जेन्सन आणि निकोला बकली यांनी केंब्रिजच्या विज्ञानोत्सवाला लोक का येतात याचा शोध घेतला. त्यांचा निबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ समाधान न विचारता त्यांनी येण्याची कारणे व जाणवलेले लाभ विचारले. संशोधकांशी प्रत्यक्ष बोलण्याची संधी लोकांना मोलाची वाटते, आणि आनंदाच्या, सोबतीच्या वातावरणात नव्या विषयांबद्दलचे कुतूहल वाढते, असे त्यांना आढळले. हा निष्कर्ष आयोजकांस धीर देणारा आहे, आणि टेबलापाशी संशोधक उभा असणे का महत्त्वाचे याचे समर्थनही त्यातून मिळते. तथापि हे लाभ लोकांनी स्वतः सांगितलेले आहेत, हे निबंधाच्या शीर्षकातच प्रांजळपणे नमूद केले आहे. कुतूहल वाढले असे वाटणे आणि त्या कुतूहलापोटी पुढे काही केले जाणे यांत अंतर आहे. शिवाय हे सांगणारे सारे आलेले लोक आहेत.

आलेले कोण, हाच खरा प्रश्न आहे. एरिक केनेडी, एरिक जेन्सन आणि मोनी फर्बेके यांचा विज्ञानोत्सवांच्या प्रेक्षकवर्गासंबंधीचा निबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आर्थिक दृष्ट्या सुस्थित, उच्चशिक्षित आणि विज्ञानाशी आधीच नाते असलेल्या लोकांचे प्रमाण या प्रेक्षकांत अवाजवी मोठे असते, असा त्याचा निष्कर्ष. ज्यांनी दीक्षा घेतलेलीच आहे त्यांना पुन्हा उपदेश, असे त्या स्थितीचे वर्णन लेखकांनी शीर्षकातच केले आहे. प्रवेश मोफत असूनही असे व्हावे, याचा अर्थ दारावरचे तिकीट हा मुख्य अडसर नव्हताच.

मुख्य अडसर कोणता, याचा शोध एमिली डॉसन यांनी वेगळ्या मार्गाने घेतला. लंडनमधील अल्प उत्पन्नाच्या व वांशिक अल्पसंख्य समाजांतील गटांबरोबर त्या विज्ञानसंग्रहालयांत गेल्या. २०१४ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ही जागा आमच्यासाठी केलेली नाही, असा अनुभव या गटांना आला. फलकांची भाषा, कर्मचाऱ्यांची वागणूक, प्रदर्शनात कोणाची चित्रे आहेत आणि कोणाची नाहीत, अशा लहान लहान गोष्टींतून माणसाला आपण परके आहोत हे कळते. अशा माणसाचे मत समाधानाच्या प्रश्नावलीत कधीच येत नाही, कारण तो पुन्हा तेथे पाऊल टाकीत नाही.

याहून महत्त्वाचा पुरावा लुईस आर्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील शाळकरी मुलांच्या आकांक्षांविषयी केलेल्या पाहणीत मिळतो. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांची ही पाहणी २००९ ते २०१३ या काळात झाली. बहुसंख्य मुलांना विज्ञान आवडते, ते त्यांना रंजक वाटते. परंतु शास्त्रज्ञ व्हावे असे वाटणारी मुले सुमारे १५ टक्केच निघाली. घरात विज्ञानाशी संबंधित काम करणारे कोणी असणे, त्याविषयी बोलणे होणे, त्या वाटेची माहिती असणे, या साऱ्या संचिताला त्यांनी 'विज्ञानभांडवल' असे नाव दिले आणि फरक तेथे पडतो असे दाखविले. हा निष्कर्ष मान्य केला तर प्रसन्न चेहऱ्यांच्या प्रश्नावलीचा पायाच डळमळतो. मुलांना विज्ञानात मजा वाटते काय, हा प्रश्न मुळी संशयित नव्हता. त्याचे उत्तर जत्रेपूर्वीही 'होय' असेच होते. संशय वेगळ्या ठिकाणी होता, आणि त्या ठिकाणी मोजपट्टी लावलीच गेली नाही.

५

'कौटुंबिक' या शब्दाची परीक्षा तर सर्वांत कमी होते. कुटुंब एकत्र आले म्हणजे कुटुंबातील सर्वांना सारखे मिळाले, असे गृहीत धरले जाते. केव्हिन क्राउली, मॉरीन कॅलनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील एका बालसंग्रहालयात आईबाप व मुले यांच्यातील संभाषणांचे निरीक्षण करून २००१ मध्ये जो निबंध लिहिला, तो या संदर्भात प्रत्येक संयोजकाने वाचावा असा आहे. उपकरण कसे चालवावयाचे हे आईबाप मुलाला व मुलीला सारखेच सांगत होते. परंतु असे का होते, हे समजावून सांगण्याची वेळ आली की मुलाला स्पष्टीकरण मिळण्याची शक्यता मुलीच्या तिप्पट होती. त्या आईबापांना आपण भेद करीत आहोत याची कल्पनाही बहुधा नसावी. त्यांनी प्रश्नावली भरली असती तर दोन्ही मुलांना मजा आली असे त्यांनी मनापासून लिहिले असते, आणि ते खरेही ठरले असते. दोघांनाही मजा आली. कारण मात्र एकालाच कळले.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, जत्रेत काय घडले हे विचारून कळत नाही, पाहून कळते. दुसरी, टेबलापलीकडील विद्यार्थ्याचे काम प्रयोग दाखविण्यापुरते नाही. भिंग कोणाच्या हातात आहे, प्रश्न कोण विचारीत आहे, उत्तर देताना नजर कोणाकडे जात आहे, मागे उभ्या असलेल्या आजीला किंवा मुलीला पुढे बोलाविले काय, हे त्याला शिकवावे लागते. स्वयंसेवकांच्या पूर्वतयारीत उपकरणाची माहिती तासभर दिली जाते. माणसांविषयी कोणी अवाक्षरही काढीत नाही.

६

महाराष्ट्राच्या संदर्भात हा विचार अधिक निकडीचा होतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या १९२८ मधील शोधाच्या स्मरणार्थ २८ फेब्रुवारी हा दिवस १९८७ पासून राष्ट्रीय विज्ञानदिन म्हणून पाळला जातो, आणि त्या सुमारास अनेक संस्था लोकांसाठी खुल्या होतात. पुणे विद्यापीठाच्या आवारातील 'आयुका' ही आंतरविद्यापीठीय खगोलसंस्था आणि नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण ही त्यांतील ठळक उदाहरणे होत.

प्रथम दिवसाचाच विचार करावा. २८ फेब्रुवारी २०२३ मध्ये मंगळवारी, २०२४ मध्ये बुधवारी आणि २०२५ मध्ये शुक्रवारी आली. तिन्ही वर्षी तो कामाचा वार होता. रोजंदारीवरील बापाला किंवा धुणीभांडी करणाऱ्या आईला त्या दिवशी मुलाबरोबर यावयाचे तर खाडा पडतो. प्रवेश मोफत असला तरी त्या घराला जत्रेचे मोल एक दिवसाची मजुरी अधिक बसचे भाडे एवढे द्यावे लागते. शिवाय दहावी-बारावीच्या परीक्षाही याच सुमारास असतात. शाळेच्या सहलीने मुले येतात हे खरे. परंतु मग ती शाळेची सहल होते, कौटुंबिक जत्रा राहत नाही. एका दिवसाचे औचित्य राखण्यासाठी चार वचनांपैकी दोन मोडावी लागत असतील, तर जवळच्या रविवारी जत्रा भरविणे अधिक इष्ट होय.

दुसरी गोष्ट परंपरेची. महाराष्ट्रातील शाळांतून रुळलेले 'विज्ञान प्रदर्शन' ही मुळात स्पर्धा आहे. तेथे मुले प्रतिकृती मांडतात, परीक्षक फिरतात, क्रमांक लागतात, आणि आईबाप पालक म्हणून टाळ्या वाजविण्यास येतात. जत्रेची कल्पना याहून भिन्न आहे. तिच्यात परीक्षक नसतो आणि कोणी हरत नाही. परंतु संयोजक बहुधा प्रदर्शनाच्या संस्कारात वाढलेले असल्यामुळे जत्रेतही पाठ केलेली भाषणे, बक्षिसे आणि प्रमुख पाहुणे शिरतात.

तिसरी गोष्ट स्थळाची. खोडद हे जुन्नर तालुक्यातील गाव. त्याच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना पसरलेल्या आहेत. विज्ञानदिनाच्या सुमारास तेथे भरणाऱ्या मेळ्यात आसपासच्या शाळामहाविद्यालयांतील विद्यार्थी आपले प्रयोग मांडतात आणि खेड्यापाड्यांतील माणसे ते पाहण्यास येतात. शहरातील विद्यापीठाच्या फाटकाशी पहारेकऱ्याकडे पाहून परत फिरणारा माणूस गावच्या शिवारातील मेळ्यात बिचकत नाही. केंब्रिजमध्येही विद्यार्थ्यांची 'केंब्रिज हँड्स-ऑन सायन्स' ही संघटना विद्यापीठातील प्रयोगांबरोबरच उन्हाळ्यात आपले साहित्य घेऊन गावोगाव जाते. जत्रेला लोक न आल्यास जत्रेने लोकांकडे जावे, हा मार्ग दोन्हीकडे सुचला आहे.

खोडदजवळचे नारायणगाव हे तमाशाच्या फडांचे माहेरघर. जत्रांच्या हंगामापूर्वी तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी येऊन आपल्या गावच्या जत्रेसाठी फड ठरवितात. गावजत्रेत वर्गणी गावाची असते, म्हणून निवडही गावाची असते; पाहणारा हाच यजमान असतो. विद्यापीठाच्या जत्रेत वर्गणी नाही, म्हणून निवडही नाही. काय मांडावयाचे हे विभाग ठरवितो, कोणत्या भाषेत सांगावयाचे हेही विभागच ठरवितो. येणारा केवळ पाहुणा असतो. मोफत या शब्दाची ही दुसरी बाजू फारशी लक्षात घेतली जात नाही. पैसे न घेताही निवडीचा अधिकार देता येईल. जवळच्या दोन वस्त्यांतील व चार शाळांतील माणसांना दोन महिने आधी बोलावून, कोणत्या प्रश्नांची टेबले हवीत, असे विचारता येईल. विहिरीचे पाणी खारे का झाले, रक्तातील साखर कशी मोजतात, बिबट्या उसात का राहतो, असे प्रश्न मग पुढे येतील. आणि विद्यापीठात त्यांची उत्तरे देणारे विभाग आहेत.

७

मूल्यमापन कसे असावे याविषयी येथील अनुभवांतही मार्गदर्शन सापडते. गौहर रझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ पासून अलाहाबादच्या, म्हणजे आजच्या प्रयागराजच्या, कुंभमेळ्यांत लोकांच्या विज्ञानविषयक समजेची सर्वेक्षणे केली. त्यांनी विज्ञानाच्या जत्रेला आलेल्यांना विचारले नाही. लोक ज्या जत्रेला आपण होऊन येतात तेथे जाऊन विचारले. काही वैज्ञानिक कल्पना लोकांच्या दैनंदिन जीवनाच्या जवळ असतात, काही दूर. या अंतराला त्यांनी 'सांस्कृतिक अंतर' म्हटले. उणीव माणसात न शोधता कल्पना आणि जीवन यांच्यातील अंतरात शोधावी, हा त्यातील बोध टेबलांची निवड करतानाही उपयोगी आहे.

दुसरा दाखला अगदी साधा आहे. जयंत नारळीकर यांच्याकडे मुले स्वाक्षरी मागत, तेव्हा ते मुलांना पोस्टकार्डावर विज्ञानातील एखादा प्रश्न लिहून पाठविण्यास सांगत, आणि उत्तर व स्वाक्षरी टपालाने जाई. मूल्यमापनाचे साधन म्हणून याचा विचार कोणी केलेला नसेल, परंतु छापील प्रश्नावलीहून ते कितीतरी सरस आहे. गर्दी ओसरल्यावर, घरी गेल्यावर, स्वतः विचार करून मुलाने प्रश्न लिहिला आणि पेटीत टाकला, याचा अर्थ काही तरी उरले. जत्रेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला पत्ता छापलेले एकेक पोस्टकार्ड द्यावे. महिनाभरात किती परत आली, कोणत्या पिनकोडातून आली, मुलींची किती, आणि प्रश्न 'काय' विचारणारे की 'का' विचारणारे, याचा तक्ता करावा. त्या तक्त्यातील कोरा राहिलेला पिनकोड हाच अहवालातील सर्वांत मोलाचा आकडा होय. मात्र येणाऱ्या प्रत्येक पत्राला उत्तर देण्याची तयारी हवी. ती नसेल तर कार्डे वाटू नयेत.

याच्या जोडीला दारात डोकी मोजण्याऐवजी दर दहाव्या कुटुंबाची नोंद घ्यावी : कोठून आले, काय खर्च झाला, विद्यापीठात पूर्वी आले होते काय. चार टेबलांशी एकेक निरीक्षक बसवून, हात कोणाचा, प्रश्न कोणाचा, स्पष्टीकरण कोणाला, एवढ्याच तीन रकान्यांची नोंद ठेवावी. निरीक्षण चालू असल्याची सूचना दारावर स्पष्ट लावावी. न आलेल्यांपैकी काहींना त्यांच्या वस्तीत जाऊन भेटावे. आणि टेबलापलीकडील विद्यार्थ्यांना, ज्यांची उत्तरे देता आली नाहीत असे प्रश्न त्याच संध्याकाळी लिहून काढावयास सांगावे. ज्या संवादातून विद्यापीठाच्या वाट्याला एकही नवा प्रश्न आला नाही, त्याला संवाद म्हणता येणार नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. जत्रा ही आनंदासाठी असते, तिला मोजपट्टी लावून तिचा रस घालवू नये, हा पहिला. आनंदाला येथे कोणाचाच विरोध नाही. आनंद कोणाकोणाला मिळाला, एवढाच प्रश्न आहे. दुसरा आक्षेप खर्चाचा. परंतु वर सुचविलेल्या कामाला पोस्टकार्डे, तीन रकान्यांचे कागद आणि शिक्षणशास्त्राच्या किंवा समाजशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थी यांपलीकडे फारसे काही लागत नाही. मंडपाच्या खर्चापुढे तो खर्च नगण्य ठरेल. एखाद्या प्रबंधिकेला हा विषय पुरेसा आहे, आणि अशा पाहण्या मराठीत झाल्याच पाहिजेत. लंडन व कॅलिफोर्निया येथील निष्कर्ष पुण्याला, कोल्हापूरला किंवा नांदेडला जसेच्या तसे लागू पडतील असे मानणे हेही अवैज्ञानिकच होय.

शेवटी मूल्यमापनाची एकच कसोटी सांगता येते. त्यामुळे पुढील वर्षी काही बदलले पाहिजे. कोणते टेबल काढले, कोणते नवे मांडले, वार बदलला काय, कोणत्या वस्तीत साहित्य नेले, हे आधल्या वर्षीच्या नोंदींवरून ठरत असेल तर ते मूल्यमापन. कोणताही निष्कर्ष निघाला तरी पुढील वर्षी तीच जत्रा तशीच भरणार असेल, तर तो केवळ समारोप समारंभाचा एक भाग आहे, आणि त्यासाठी कोणाही आईबापाला बाहेर पडताना दारात अडवून त्याच्या हातात कागद देण्याचे प्रयोजन नाही.